फौजेचा दवाखाना, गावाचा दवाखाना : वाचकांचे प्रश्न

लष्करी वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्य या विषयावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

रेणापूर (जि. लातूर) : मुलगा पायदळात आहे, सध्या डोंगरी भागात ड्यूटी. तिकडं कुणाला लागलं तर डॉक्टर जवळ असतो का? की थेट दिल्ली-पुण्याला नेतात?

डॉक्टर जवळच असतो. पायदळाच्या प्रत्येक पलटणीला स्वतःचा डॉक्टर असतो, त्याला रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर किंवा नुसतं आरएमओ म्हणतात. त्याच्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट आणि स्ट्रेचर उचलणारे जवान. पण पहिला उपचार डॉक्टरच्याही आधी होतो. प्रत्येक जवानाजवळ फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर दाबून बांधायची निर्जंतुक पट्टी, असते. शिवाय लढणाऱ्या जवानांपैकीच काहींना प्रथमोपचाराचं जादा प्रशिक्षण दिलेलं असतं. रक्तस्राव थांबवायला जी मिनिटं असतात ती डॉक्टर येईपर्यंत निघून जातात, म्हणून ही सोय.

तिथून पुढे टप्पे आहेत. पहिला आरएमओचा रेजिमेंटल एड पोस्ट. इथे ऑपरेशन होत नाही. श्वासाचा मार्ग मोकळा करणं, रक्त थांबवणं, मोडलेलं हाड खपाटी लावून स्थिर करणं, वेदनाशामक देणं आणि कुणाला आधी पाठवायचं ते ठरवणं, एवढंच. त्यामागे ॲडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन. ते फील्ड हॉस्पिटल चालवतं. या तुकडीला पूर्वी ‘फील्ड अँब्युलन्स’ म्हणत आणि त्यामुळे अनेकांना ती एक गाडी वाटायची; प्रत्यक्षात ती डॉक्टर, जवान, तंबू आणि वाहनं असलेली अख्खी तुकडी असते. गरजेप्रमाणे सर्जन आणि भूलतज्ज्ञ पुढे येऊन जीव वाचवण्यापुरती शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर लष्करी रुग्णालय, आणि सर्वांत मागे कमांड हॉस्पिटल. दक्षिण कमांडचं कमांड हॉस्पिटल पुण्यात आहे. कृत्रिम अवयव केंद्र आणि हृदय-छातीच्या आजारांची लष्करी संस्थाही पुण्यातच.

यात दोन नियम आहेत. एक, जखमी माणसाला मागे न्यायची जबाबदारी मागच्या टप्प्याची. आरएमओ आपला पोस्ट सोडून रुग्णासोबत जात नाही. मागून गाडी आणि माणसं पुढे येऊन रुग्ण उचलतात. दोन, रुग्णाला गरजेपेक्षा जास्त मागे न्यायचं नाही. चार दिवसांत बरा होणारा जवान पुण्याला गेला तर पलटणीचा माणूसही जातो आणि मागची खाटही अडते.

अडचण येते ती डोंगर आणि हवामानाची. ढग खाली आले की हेलिकॉप्टर उडत नाही. मग स्ट्रेचर खांद्यावर. चढउतारावर चार माणसं पुरत नाहीत, बदलीची माणसं सोबत लागतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रक्त थांबवायला दंडाला किंवा मांडीला आवळपट्टा बांधून वेळ न लिहिणं. पट्टा फार वेळ राहिला तर खालचा भाग मरतो, आणि वेळ माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरला तो सोडावा की नाही हे ठरवता येत नाही. रुग्णाला बांधलेल्या कार्डावर ती वेळ असलीच पाहिजे.

आई-वडिलांसाठी एक सूचना. तुम्ही मुलावर अवलंबून असाल तर लष्करी रुग्णालयात तुम्हालाही उपचार मिळू शकतात, पण तुमची नावं मुलाच्या युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरने (युनिटच्या लेखी नोंदीच्या आदेशाने) नोंदलेली हवीत आणि अवलंबित कार्ड हातात हवं. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या लष्करी रुग्णालयात जाऊन मुलाचा फोटो दाखवून काम होत नाही. मुलगा सुट्टीवर आला की हे काम आधी करून घ्या.

गंगाखेड (जि. परभणी) : प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं की ‘ग्रामीण रुग्णालयात जा’ म्हणतात, तिथं गेलं की ‘ते आमच्याकडं येत नाही’. सरकार एकच ना? मग फौजेसारखी शिस्त इथं का नाही?

सरकार एक, मालक तीन. उत्तर इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी, त्याच्या खाली तालुका आरोग्य अधिकारी. सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं प्रमाण आहे. डोंगरी-आदिवासी भागात ते 3,000 आणि 20,000. प्राथमिक आरोग्य केंद्राला साधारण 6 खाटा. ग्रामीण रुग्णालय (30 खाटा), उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, मग ते संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाई असो की नांदेड, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेच्या हद्दीत पालिकेचा आरोग्य अधिकारी हा चौथा. आरोग्य उपसंचालकांची दोन परिमंडळं मराठवाड्यात आहेत. परभणी, हिंगोली आणि जालना संभाजीनगर परिमंडळात. लातूर, नांदेड, बीड आणि धाराशिव लातूर परिमंडळात. पण उपसंचालकाचा हुकूम घाटीच्या अधिष्ठात्यावर चालत नाही.

फौजेत उलट आहे. सर्वांत वर सशस्त्र दल वैद्यकीय सेवेचे महासंचालक, त्यांच्याबरोबर भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या वैद्यकीय सेवांचे आपापले महासंचालक, आणि खाली एकाच साखळीत आरएमओपर्यंत सगळे. आर्मी मेडिकल कोअर 3 एप्रिल 1943 रोजी वेगवेगळ्या जुन्या सेवा एकत्र करूनच उभी राहिली. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पलटणीच्या आरोग्याची जबाबदारी डॉक्टरची नसून कमांडिंग ऑफिसरची असते. डॉक्टर सल्ला देतो. लंगरचं पाणी अशुद्ध निघालं तर जाब कमांडिंग ऑफिसरला विचारला जातो. गावात हीच जागा सरपंच आणि ग्रामसेवकाची आहे, कारण पाण्याची योजना ग्रामपंचायतीची. पण साथ आली की गाव डॉक्टरवर चढतं.

आता ‘ते आमच्याकडं येत नाही’ यावर उपाय. तुमची तक्रार कोणत्या मालकाकडे जाते ते आधी पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणं, लसीकरण चुकणं, आशा किंवा आरोग्य सेविका न येणं : तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयात प्रसूतीला नकार, एक्स-रे बंद : तिथले वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक. 108 ची गाडी राज्य पातळीच्या कंत्राटावर चालते. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी 102 ची गाडी आरोग्य यंत्रणेची. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर तो ‘उचित कार्यवाहीस्तव’ शेरा मारून फिरत राहतो.

वर पाठवणं नेहमीच चुकीचं नसतं, पण काही उपचार सुरू न करता पाठवणं चुकीचं आहे. सर्पदंशाचं उदाहरण घ्या. विषाची लक्षणं दिसत असतील तर प्रतिविष जवळच्या केंद्रातच सुरू व्हायला हवं, सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 कुप्या, आणि मग पुढे पाठवायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, म्हणून साप मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते तपासायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलि रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं तर विष चढलं आहे. ही तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली की निकाल फसतो.

कळंब (जि. धाराशिव), ग्रामपंचायत सदस्य : आडात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? कुणी पाच ग्रॅमचा हिशेब सांगतं, कुणी ‘एक वाटी’ म्हणतं. गेल्या पावसाळ्यात टाकूनसुद्धा जुलाबाची साथ आली.

वाटी सोडा. हजार लिटरला 5 ग्रॅम हा ठोकताळा चालतो, पण दोन अटींवर : पाणी निवळ हवं आणि पावडर ताजी हवी. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात आधी मातीच क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी काही उरत नाही. तुमची गेल्या वर्षीची साथ बहुधा याच मार्गाने आली असावी.

आधी पाणी मोजा. गोल आडाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, 3.14 ने गुणून 4 ने भागा. उत्तर घनमीटरमध्ये, गुणिले हजार म्हणजे लिटर. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर : 37,680 लिटर. म्हणजे 5 ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे 190 ग्रॅम.

नेमकी मात्रा काढायचं साधन फौजेनेच दिलेलं आहे. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर सर विल्यम हॉरॉक्स यांनी सैन्याच्या पाण्यासाठी एक पेटी तयार केली. ‘हॉरॉक्स उपकरण’ आजही आरोग्य विभागात वापरलं जातं. पेटीत 200 मिलिचे सहा पांढरे कप, आतून खूण असलेला एक काळा कप, 2 ग्रॅमचा चमचा, ढवळायच्या काड्या, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. काळ्या कपात सपाट एक चमचा टीसीएल घ्या, थोड्या पाण्यात कालवा, खुणेपर्यंत पाणी भरून ढवळा आणि निवळू द्या. सहा पांढरे कप आडाच्या पाण्याने भरा, वरून सेंटिमीटरभर रिकामे ठेवा. वरच्या निवळ द्रावणाचा पहिल्या कपात 1 थेंब, दुसऱ्यात 2, असं सहाव्यात 6. प्रत्येकाला वेगळी काडी. अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे 3 थेंब टाकून ढवळा. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येतो त्याचा आकडा म्हणजे 455 लिटरला लागणारे चमचे. तिसरा कप निळा झाला तर 3 चमचे, 6 ग्रॅम.

वरच्या आडाला हा हिशेब लावा : 37,680 भागिले 455, गुणिले 6. जवळपास 500 ग्रॅम. ठोकताळ्याच्या अडीच पटीहून जास्त! पहिलाच कप निळा झाला असता तर 165 ग्रॅमच्या आसपास आलं असतं, म्हणजे पाच ग्रॅमचा ठोकताळा पहिल्या कपाचा आहे. या चाचणीत तुमचीच पावडर वापरली जाते, त्यामुळे ती किती उतरली आहे हेही आपोआप मोजलं जातं.

टाकण्याची पद्धत. पावडर कोरडी आडात भिरकावू नका. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवा, मग पाऊण बादली पाणी, ढवळा, 5 ते 10 मिनिटं बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा चुना फेकून द्या, तो आडात गेला तर पाणी जड होतं. निवळ पाण्याची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि खालीवर, आजूबाजूला हलवा. एक तास उपसा बंद. साथीच्या दिवसांत हे काम रात्री करणं सोयीचं, पहाटेपर्यंत कुणी पाणी भरत नाही. सकाळी ऑर्थोटोलिडिनची, म्हणजे ओटी चाचणी घ्या. तासाभरानंतरही लिटरला 0.5 मिग्रॅ क्लोरीन उरलेलं हवं. क्लोरीन असलं की येणारा पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत पाहायचा. पंधरा मिनिटांनी आलेला पिवळेपणा पाहून ‘क्लोरीन आहे’ म्हणणं ही नेहमीची फसगत.

साठवण हा खरा घोळ. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, 20 टक्क्यांच्या खाली गेली की ती वापरू नये. वर्षाची पोती एकदम घेऊन ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडी टाकली की ओल, ऊन आणि हवेने ती चुन्यासारखी होते. शिवाय तिच्या वाफेने शेजारचा मोटारीचा स्टार्टर गंजतो. झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, तीन महिन्यांपुरतीच ठेवा. आरोग्य कर्मचारी पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. तुमच्या गावाला कोणतं मिळालं आणि का, ते ग्रामसभेत विचारा. सदस्य आहात, विचारण्याचा हक्क आहे.

जालना : आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असं आरोग्यवाले सांगतात. पाणी ओतून द्यायचं तर प्यायचं काय? छावणीत म्हणे डेंगी होत नाही.

होत नाही असं नाही, पण तिथे डास शोधायला माणूस ठरलेला असतो. छावणीत स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन नावाचं स्वतंत्र पथक असतं. त्याचा प्रमुख सार्वजनिक आरोग्यातला तज्ज्ञ डॉक्टर. क्वार्टरच्या कूलरमध्ये अळी सापडली की नोंद थेट त्या युनिटकडे जाते. आणि छावणीत पाणी रोज येतं, हेही विसरू नका.

तुमचा आक्षेप बरोबर आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात. पाणी त्याच फेऱ्याने येत असेल तर तुमचा रांजण त्याच्या पाळण्यासारखा चालतो. ओतणं शक्य नसेल तर डासाला आत जाऊ देऊ नका. ड्रम आणि रांजणावर जाड सुती कापड, कडेला दोरी किंवा ट्यूबची पट्टी घट्ट आवळून. नुसतं ताट झाकून भागत नाही, फट राहते. सांडपाण्याच्या आणि जनावरांच्या हौदात गप्पी मासे. वापराच्या पाण्यात अबेट (अळ्या मारायचं औषध) टाकायचं ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातून, मापाने.

पाणी संपल्यावर रांजण नुसता रिकामा करून नवीन भरला तर उपयोग नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असताना महिनोन् महिने जगतात. काथ्याने किंवा ब्रशने आतली बाजू घासायलाच हवी. पाणी येण्याच्या आदल्या दिवशीचा अर्धा तास याला द्या, तोच तुमचा कोरडा दिवस.

धुराच्या गाडीवर समाधान मानू नका. धूर फक्त उडणारे डास मारतो, अळ्या तशाच राहतात. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला आकडे विचारा. 100 घरं पाहिली, 12 घरांत अळ्या. 400 भांडी पाहिली, 18 भांड्यांत अळ्या, तर घर निर्देशांक 12, भांडी निर्देशांक 4.5, आणि ब्रेटो निर्देशांक (100 घरांमागे अळीची भांडी) 18. धूर मारण्याच्या आधी आणि नंतर ब्रेटो निर्देशांक तेवढाच असेल, तर नगरसेवकाला धुराच्या फोटोऐवजी तो दाखवा.

मलेरियाचा डास-संबंध 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने शोधला. मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. डास शोधण्याची विद्या इथे नवी नाही.

कंधार (जि. नांदेड) : यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, दोन वर्षांपूर्वी वारले. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर आधी पॉलिक्लिनिकला जावं लागतं का?

नाही, ताई. नेहमीच्या आजाराला आधी पॉलिक्लिनिक (योजनेचा दवाखाना), तिथून रेफरल, आणि मग लष्करी किंवा पॅनेलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं, खासगी रुग्णालय, हा क्रम. छातीत दुखणं, अपघात, झटका अशा तातडीत थेट जवळचं रुग्णालय गाठा. पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा. पॉलिक्लिनिकला कळवणं त्यांचं काम आहे आणि रोख भरावी लागत नाही. पॅनेलवरचं नसेल तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, बिल आधी स्वतः भरा आणि नंतर परताव्यासाठी द्या. परतावा सरकारी दराने मिळतो, रुग्णालयाने लावलेल्या दराने नाही. फरक पदरचा भरावा लागतो. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार मूळ बिलं आणि ‘तातडीची अवस्था होती’ असं रुग्णालयाचं प्रमाणपत्र, यांपैकी एक कमी असलं तरी दावा अडकतो. प्रमाणपत्र घरी जायच्या आधीच मागून घ्या.

पतीच्या निधनानंतर कार्डावर तुमची नोंद अवलंबित म्हणून राहिली असेल तर ती मुख्य लाभार्थी म्हणून बदलून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरायला मदत मिळते आणि पॅनेलवरच्या रुग्णालयांची सध्याची यादीही. यादी बदलते, जुन्या कागदावर विसंबू नका.

लातूर, बारावी विज्ञान : मला आणि भावाला दोघांनाही लष्करात नर्सिंगला जायचं आहे. नीट दिली की झालं ना?

तुझा आणि भावाचा रस्ता वेगळा. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम अविवाहित मुलींसाठी आहे. देशभरात 220 जागा, त्यातल्या पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात) 40 आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात 40. नीटचे गुण लागतात, पण नीटचा फॉर्म म्हणजे इथला अर्ज नव्हे. जाहिरात आल्यावर लष्कराच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, मग इंग्रजी आणि बुद्धिमत्तेची संगणकावरची परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. नीटचे चांगले गुण हातात असून केवळ ही नोंदणी राहून जाऊ शकते, तेवढं सांभाळ. एएफएमसीच्या एमबीबीएसलाही नीटनंतर एमसीसीच्या (केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीच्या) संकेतस्थळावर वेगळी पसंती नोंदवावी लागते.

भावाने नर्सिंग असिस्टंट या पदाकडे पाहावं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. एकूण 50 टक्के, प्रत्येक विषयात किमान 40. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदानी आणि वैद्यकीय तपासणी. छाती किमान 5 सेंमी फुगली पाहिजे. कानातला मळ, हायड्रोसील, वाकडं नाकाचं हाड यांवर अनेक मुलं अडकतात. यातलं बरंचसं आधीच घाटीत किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून दुरुस्त होतं.

हिंगोली : आमच्या दवाखान्याच्या पाटीवरची लाल फुली काढायला सांगितली. सगळ्याच डॉक्टरांकडं असते की.

असते, पण चुकीने. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे डॉक्टरांचं चिन्ह नाही. युद्धात लष्करी वैद्यकीय पथकं आणि रेडक्रॉस यांच्यावर गोळी झाडू नये म्हणून ते राखून ठेवलेलं आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला जिनिव्हा करार कायदा, 1960 मनाई करतो. दंड 500 रुपयांपर्यंतच आहे, पण चिन्ह असलेली वस्तू जप्त होऊ शकते. पेंटर बहुधा रंग उलटे करून देईन म्हणेल. तेही चालत नाही. लालवर पांढरा क्रॉस हे स्वित्झर्लंडचं चिन्ह, आणि त्याच कायद्यात त्यालाही बंदी आहे. हिरव्यावर पांढरी फुली रंगवून घ्या.